रत्नाभाभी पाण्यात कशाला उतरली

आमच्या नाशिकच्या सोसायटीत समोरच्या फ्लॅटमधल्या बाई मागच्या महिन्यात अंदमानला जाऊन आल्या आणि आल्या दिवसापासून ज्याला त्याला मोबाइल दाखवत सुटल्या. फोटोत समुद्राच्या तळाशी काळ्या रबरी पोशाखातल्या बाई, तोंडात नळी, डोळ्यांवर काच आणि दोन्ही हातांचे अंगठे वर. मी आपलं सहज म्हटलं, "अहो, तिथे अंगठा वर केला की 'मला वर न्या' असं होतं. सगळं ठीक आहे म्हणायचं तर बोटाचं कडं करून दाखवायचं." त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्ही कधी गेला होतात स्कुबाला?"

मी कुठली डोंबलाची जाते! मला न्हाणीघरातल्या भरल्या टाक्याचीसुद्धा भीती वाटते. मला हे शिकवलं कळसाडीच्या रत्नाभाभीने, मिरच्या निवडता निवडता. शहादा तालुक्यातलं कळसाडी, चहूकडे कापूस आणि ऊस, आणि समुद्र म्हणाल तर सुरतेच्याही पलीकडे. तिथल्या ओट्यावर बसून ही बाई मला पाण्याखालच्या खाणाखुणा शिकवत होती, आणि घरातलं कोणी आलं की हात पदराखाली घेत होती.

नोकरीची शेवटची बरीच वर्षं मी कळसाडीच्या शाळेत काढली. भरतभाऊ पाटलांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या माझ्याकडे भाड्याने होत्या. रत्नाभाभी ही त्यांची बायको. बुटकी, अंगाने भरलेली, चालताना कायम घाईत. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, पण गावात सगळेच तिला भाभी म्हणत म्हणून मीही म्हणायचे. ती मला "बाई" म्हणायची.

त्या घराचा आवाज अजून माझ्या कानात आहे. सकाळी चूल पेटली की हाका सुरू. बाजेवरून सासू, तिला सगळे जिजी म्हणत, ती ओरडायची, "रत्ना!" गोठ्यातून सालदार गडी, "भाभी!" दिराची मुलं, "काकी!" आणि भरतभाऊंचं आपलं नुसतं "अवं!" सगळ्यांना भाभीचं एकच उत्तर, "उनू, उनू!" आले, आले. दिवसभर ही बाई येतच असायची. कुठे पोचलेली मी तिला कधी बघितली नाही.

तिचं माहेर प्रकाशाचं, तापीच्या काठचं. लहानपणी पाठीला वाळका भोपळा बांधून बापाने तिला नदीत सोडली होती. दोन उन्हाळ्यांत भोपळा सुटला आणि पोरगी मुलांच्याही पुढे पैलतीर गाठायला लागली. पुढे लग्न होऊन कळसाडीला आली आणि पाण्याचा संबंध उरला तो हंड्याकळशीपुरता. शेतात विहीर होती, पण तिच्यावर दगडी फरशा टाकून ती कधीचीच बुजवल्यासारखी केलेली. भरतभाऊ सहा वर्षांचे असताना त्यांच्या सख्ख्या आत्याने त्या विहिरीत जीव दिला होता. काठावर तिच्या चपला आणि बांगड्या नीट मांडून ठेवलेल्या या माणसाने लहानपणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. भरतभाऊ मोठे भले गृहस्थ. बायकोवर हात तर सोडाच, आवाजही चढवला नाही कधी. पण पाण्याचं नाव काढलं की चेहरा उतरायचा.

भाभी पहिल्यांदा समुद्रात गेली ती लेकीमुळे. हर्षा लग्न होऊन सुरतेला राहते. तिने आईवडिलांना अंदमानला न्यायचं ठरवलं. ऐन वेळी ऊसतोडीची टोळी दारात आली. टोळी आली की मालकाने गाव सोडायचं नसतं, नाहीतर ती शेजारच्याच्या फडात जाते आणि तुमचा ऊस उभा वाळतो. भरतभाऊ राहिले, भाभी गेली. परत आली ती वेगळीच बाई आली हो. चेहरा उन्हाने रापलेला, नाक सोललेलं, आणि डोळे असे की आत्ता कोणीतरी मोठी गंमत सांगितली आहे.

"बाई, हर्षाना घरवाला म्हने, मम्मी, काठवर बठी ऱ्हा. मी म्हनं, काबरं? मी काय सामान शे?" पहिल्या दिवशी नळी लावून वरवर तरंगली, दुसऱ्या दिवशी पाठीवर हवेची टाकी घेऊन तळाला गेली. ती बोलायला लागली की हाताने मासे काढायची. हा असा चपटा, हा असा, हा तर दगडच वाटतो आणि मग दगडाला डोळा फुटतो! घर शुद्ध शाकाहारी, कांदा-लसणावरसुद्धा जिजी नाक मुरडणार, आणि ही बया माशांची रूपं सांगत बसलेली. मी चिडवलं, "भाभी, आता बाजारात बोंबीलवालीच्या समोरून जाताना नाकाला पदर लावणार नाहीस ना?" तर म्हणाली, "मी मासा खात नही, हाई त्यासले समजस, बाई. म्हनीसन त्या मन्हा जोडे येतस." जवळ येतात म्हणे! मी पोट धरून हसले.

पण मग ती गंभीर झाली. मिरच्यांचं सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "खाले कोनी हाक मारत नही, बाई."

एवढंच बोलली. त्याच वेळी आतून जिजीने हाक मारली आणि ती "उनू, उनू" करत गेली. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की हिला मासे आवडतात ते खरंच, पण त्याहून आवडते ती तिथली शांतता. मला वाईट वाटलं तिच्यासाठी. वाटणारच.

दुसऱ्यांदा ती मालवणला गेली, माझ्याच आग्रहाने. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चार-पाच शिक्षिका निघालो होतो, भरतभाऊंना म्हटलं, भाभीला पाठवा, मी आहे सोबत. त्यांनी मला दोनदा विचारलं, "पानीमा नही जाव्हाव ना, बाई?" मी म्हटलं, छे. होडीत बसल्यावर मला जे मळमळायला लागलं, ते मी डोळे मिटून गणपतीला नवस बोलत बसले. भाभी मात्र ड्रेसवर जाकीट चढवून पाण्यात. तिथला पोरगेला गाइड तिला सांगत होता, "मावशी, मंगळसूत्र, बांगड्या काढून ठेवा. चमकतं ते बघून मासा चावतो, आणि पडलं तर समुद्र परत देत नाही." भाभीने क्षणभर विचार केला. तीस वर्षांत मंगळसूत्र गळ्यातून काढलं नव्हतं. मग काढलं, बांगड्या काढल्या, ओढणीची घडी केली, तिच्यावर सगळं नीट मांडलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. ही सवय तिने तिथून घेतली. पाण्यात उतरायचं तर अंगावरचं सोनं काढायचं. किती साधी गोष्ट! पुढे तीच तिच्या गळ्याशी आली.

मालवणहून आल्यावर तिने लेकीकडून काच आणि नळी मागवली. शहाद्याच्या कुरिअरवाल्याने खोकं आणून जिजीच्याच हातात दिलं. जिजीने काच उलटीपालटी केली. "हाई काय शे वं?" आता सासूला काय सांगायचं? भाभी म्हणाली, "मिरच्यासना चष्मा. डोळासले झोंबत नही." आणि बोलल्याला जागली! त्या उन्हाळ्यात मिरच्या कुटताना घरातल्या सगळ्या बायका डोळे पुसत बसल्या, आणि ही मध्यभागी डोळ्यांवर निळी काच लावून ऐटीत मुसळ चालवत होती. बघायला गल्लीतल्या बायका आल्या. दोघींनी तर मलाही मागवून द्या म्हणून सांगितलं.

खरा उपयोग शेतावर. भरतभाऊंनी उसासाठी शेततळं केलं होतं, प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं. कडा अशा निसरड्या की कुत्रं पडलं तर वर येत नाही. भाभीने पंपाच्या खांबाला गाठी मारलेला दोर बांधला आणि दुपारी, माणसं जेवून सावलीला आडवी झाली की, ती मालवणचाच ड्रेस चढवून उतरायची. आरोग्य केंद्रात डासांसाठी गप्पी मासे फुकट मिळतात, ते डबाभर आणून तिने तळ्यात सोडले होते. त्यांची पुढे हजारो पिल्लं झाली. ती तोंडात नळी धरून, पालथी होऊन, नुसती तरंगत राहायची आणि बोटाएवढे मासे बघायची. मी म्हटलं, "अगं, अंदमान कुठे आणि हे गढूळ डबकं कुठे!" तर म्हणाली, "वरथीन काय समजस, बाई? तुम्हीन खाले तोंड करीसन देखाच ना!" मी पुन्हा एकदा नाही म्हटलं. भित्री ती भित्रीच.

आता तो दिवस. मी उन्हाळी सुट्टीत नाशिकला होते, त्यामुळे जे सांगते ते भाभीकडून, सालदार धुडकूकडून आणि अर्ध्या गावाकडून ऐकलेलं आहे.

आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, होऊन चार दिवस झाले होते. खान्देशात आखाजीला सासुरवाशीण माहेरी जाते, झोके घेते, गाणी म्हणते. त्या वर्षी जिजीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं म्हणून भाभी गेली नाही. त्याचा राग तिला नव्हता असं नाही. दुपारी ती शेतात आली, बांधावर चपला काढल्या, मंगळसूत्र आणि बांगड्या ओढणीवर मांडून ठेवल्या, केस मोकळे सोडले आणि पाण्यात उतरली. नेमका बांधावरून एक ठेलारी मेंढरं घेऊन चालला होता. त्याने काय पाहिलं? काठावर चपला. चपलांशेजारी मंगळसूत्र. तळ्यात पालथी बाई, केस पाण्यावर पसरलेले. नळी काही त्याला दिसली नाही. तो जीव तोडून ओरडला, "ओ भो, पळा! तळामा बाई तरंगी ऱ्हायनी!"

सावलीला झोपलेला धुडकू पहिला पोचला. पोहता येत नसताना या भल्या माणसाने सरळ उडी ठोकली आणि बुडायला लागला. भाभीचे कान पाण्यात. कोणीतरी धपकन पडलं एवढंच तिला कळलं. वळून बघते तो धुडकूचे पाय! तिने नळी-काच काठाकडे भिरकावली, त्याचे केस धरले आणि ओढत ओढत दोरापर्यंत आणला. तोवर उसातली माणसं धावली. त्यांनी पाहिलं ते हे, की धुडकू आणि भाभी एकमेकांना धरून वर येतायत, दोघंही खोकतायत. झालं! तिथून जी बातमी सुटली ती शहाद्याला पोचेपर्यंत पक्की झाली होती. भाभीनी जीव दिन्हा, धुडकूनी वाचाडं.

भरतभाऊ आले तेव्हा भाभी ओल्या अंगाने बांधावर बसली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी पाहिलं त्या चपलांकडे आणि बांगड्यांकडे. आणि मातीत बसून ते लहान पोरासारखे रडायला लागले. "मन्हं काय चुकनं, तितलं सांग. तितलंच सांग."

"काईच नही चुकनं," भाभी म्हणाली. "मी मासा देखी ऱ्हायनी व्हती."

आता सांगा, असं उत्तर कोण मानेल?

दुसऱ्या दिवशी प्रकाशाहून तिचे दोघे भाऊ जीप घेऊन आले. ओट्यावर बैठक बसली. अशा वेळी माहेरच्यांनी यायचं, चहा न घेता बसायचं आणि विचारायचं, अशी रीतच आहे. थोरला भाऊ म्हणाला, "दाजी, आम्हनी बहीणले काय दुख शे, ते सांगा." भरतभाऊ खाली मान घालून. आतून भाभी बाहेर आली, सगळ्या पुरुषांच्या मधोमध उभी राहिली आणि हातातली काच पुढे केली. "हाई देखा. हाई डोळासले लावतस आनि पानीमा मासा देखतस. अंदमानले मी हाईच करं. माले काईच दुख नही."

तेवढ्यात दारातून जिजी म्हणाली, "अवं, तो ते मिरच्यासना चष्मा शे!"

ओट्यावर कोणी हसलं नाही. गल्लीतल्या दोन बायकांनी माना डोलावल्या, मिरच्यांचाच आहे, आम्ही पाहिलाय. थोरल्या भावाने बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे, माय. आम्हले समजनं." मग एकेक पुरावा निघाला. आखाजीले माहेरले उनी नही, तवाच समजाले पाहिजे व्हतं. दोन वर्षांपासून एकटीच शेतात जायची. बोलता बोलता श्वास रोखून बसायची. मंगळसूत्र काढून ठेवलं म्हणजे तर काय, बोलायलाच नको!

आणि मग सगळे तिच्याशी चांगले वागायला लागले. हे मी कडवटपणे सांगते आहे, कारण तो चांगुलपणा मी पाहिला आहे. जूनमध्ये मी परत आले तर घर ओळखू येईना. हाका बंद. जिजी बाजेवरून हळू आवाजात म्हणायची, "बेटा, जमनं ते पानी दे." भरतभाऊंनी शेततळ्याला तारेचं कुंपण घातलं, फाटकाला कुलूप लावलं, किल्ली स्वतःच्या करगोट्याला. न्हाणीघराची आतली कडी काढून टाकली. दिराची मोठी मुलगी भाभीच्या खोलीत झोपायला आली. शेतात एकटीने जायचं नाही, माझ्या खोलीत आली तरी पाच मिनिटांनी कोणीतरी डोकावणार. "नही, सहज. भाभी आठे शे का?" धुडकूला नारळ, टोपी आणि नवीन कपडे मिळाले. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं. बिचारा कान धरून म्हणाला, "बाई, देवशप्पथ, मीच बुडी ऱ्हायंतू. भाभीनी माले केस धरीसन काढं. मी मालकले सांगं बी. मालक म्हने, तू मोठा मनना शे रे, धुडकू." त्याने खरं सांगितलं, तर तो त्याचा विनय ठरला!

मीही बोलले. एकदा नाही, दहादा. मालवणचं सगळं सांगितलं. भरतभाऊ हात जोडून म्हणायचे, "बाई, तुम्ही रत्नानी मैत्रीण शेतस. तुम्ही झाकणारच." भाडेकरूचं आणि मैत्रिणीचं तोंड एकाच वेळी कसं बंद करावं, हे त्यांच्याकडून शिकावं.

ते तिला नवस फेडायला प्रकाशाला घेऊन गेले, तेव्हा मी बरोबर होते. संगमावर स्नान करायचं होतं. ज्या नदीत ती भोपळा सोडून पैलतीराला जायची, त्या नदीत दोघा भावांनी तिचे दोन्ही दंड धरले, गुडघ्याएवढ्या पाण्यात नेली, तीनदा वाकवली आणि बाहेर आणली. मला बघवेना. ओल्या पदराने ती माझ्याशेजारी पायरीवर बसली आणि हळूच म्हणाली, "हसनू ते म्हनतस, दुख झाकी ऱ्हायनी. रडनू ते म्हनतस, देखा, दुख शे. चूप बठनू ते दोन जन पहाऱ्याले. आते मी काय करू, बाई?" मी तिचा ओला पदर पिळून दिला.

हळूहळू ती गप्प झाली. माशांचं बोलणं थांबलं. काच खरोखरच मिरच्यांच्या डब्याशेजारी फळीवर जाऊन बसली. तिला एकच हवं होतं. पाण्यात जायला मिळो न मिळो, कोणीतरी मानावं की मी आनंदासाठी उतरले होते. नवऱ्याने तरी मानावं. एका भल्या घरात, सगळे जीव लावत असताना, बाईची एवढी एक गोष्ट कोणी ऐकून घेईना.

शेवटी हर्षाने हट्ट धरला. आईला पुन्हा अंदमानला न्यायचं, या वेळी पप्पांसकट. भरतभाऊंनी सहा महिने टाळलं, मग लेक रडली तेव्हा हो म्हणाले. भाभीने सांगितलं, बाई येतील तर मी येते. मी निवृत्तीला टेकले होते, म्हटलं चला. हर्षाने आईसाठी टाकी घेऊन तळाला जायचं आधीच ठरवून ठेवलं होतं. तिथे पोचल्यावर बापाला समजावलं, "पप्पा, पूर्ण वेळ मॅडम हात धरून राहतात. सोडतच नाहीत." भरतभाऊ रात्रभर विचार करून सकाळी म्हणाले, बरं.

त्या सकाळी मी भाभीला किनाऱ्यावर पाहिलं. रबरी पोशाख तिच्या अंगाला कुठे कुठे अडकत होता, हर्षा ओढून ओढून बसवत होती, आणि भाभी हसत होती. मोठ्याने, तोंड उघडून. तसं हसणं मी दोन-तीन वर्षांत ऐकलं नव्हतं. शिकवणारी मुलगी मद्रासकडची, हिंदी बोलणारी, प्रेमळ. तिने नेहमीचे प्रश्न विचारले. दमा आहे? हृदयाचं काही? कानाचं ऑपरेशन? मन की कोई तकलीफ? भाभी प्रत्येकाला मान हलवून नाही म्हणत होती.

भरतभाऊंना खोटं खपत नाही. त्यातून हा जिवाचा प्रश्न. ते पुढे झाले, हात जोडले आणि त्यांच्या हिंदीत म्हणाले, "मैडम, इसने एक बार पानी में जान देने का कोशिश किया था. आप जरा घट्ट पकड़के रखना."

त्या मुलीचा चेहरा बदलला. भाभी ओरडली, "झूठ है!" किनाऱ्यावरची माणसं वळून बघायला लागली. "झूठ है, मैडम, मैं मछली देख रही थी!" मुलगी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आंटी, प्लीज. फॅमिली बोल रही है तो मैं नहीं ले जा सकती. आपके लिए ही बोल रही हूं." हर्षा बापावर ओरडली, जावई कोणाला तरी फोन करायला लागले. भरतभाऊ गोंधळून उभे. त्यांना वाटलं होतं, सांगितलं म्हणजे जास्त काळजी घेतील.

भाभी वाळूत बसली. मग नवऱ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही जा."

"मी? माले पव्हता येत नही, रत्ना."

"पव्हानं काम नही. श्वास लेवाना, तितलंच. जा."

बायकोने आयुष्यात पहिल्यांदा हुकूम केला असेल. आणि भरतभाऊ गेले हो! आत्याच्या विहिरीपासून लांब पळत आलेला तो माणूस, त्या मुलीचा हात धरून पाण्यात गेला. पाणी कमरेला आलं, छातीला आलं, आणि डोकं दिसेनासं झालं. भाभी उठून पाण्याच्या कडेशी उभी राहिली. ती नवऱ्यासाठी घाबरली होती, आणि तरी मला दिसत होतं, तिला हेवा वाटत होता.

अर्ध्या तासाने ते वर आले. नाकाभोवती काचेचा वळ, डोळे लाल. उथळ पाण्यातच मटकन बसले. भाभी पोशाखासकट त्यांच्यासमोर बसली. ते तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू तळामा... याकरता उतरनी व्हती?"

"मंग कशाकरता?" भाभी म्हणाली. "इतला दिन मी दुसरं काय सांगी ऱ्हायनी?"

ते उठले, धडपडत त्या मुलीकडे गेले. "मैडम, मैं गलत बोला. मेरा भूल था. इसको ले जाओ." मुलीने मान हलवली. "अंकल, पहले आपने ऐसा बोला, अब वैसा. मैं क्या मानूं?" ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले, पाया पडायला वाकले. ते जेवढं जास्त बोलत होते, तेवढी ती जास्त नरमाईने नाही म्हणत होती. शेवटी त्यांनी बायकोकडे वळून बघितलं. आपलं खरं कोणी खोटं ठरवलं की कसं वाटतं, ते त्या माणसाला तिथे कळलं.

दुपारच्या बोटीने मुख्य बेटावर परतायचंच होतं, दुसऱ्या दिवशी विमान. बोट सगळीकडून बंद, खिडक्या न उघडणाऱ्या, काचांवर खारं पाणी. हर्षाला आणि मला मळमळत होतं, आम्ही पिशव्या धरून बसलेल्या. पुढच्या बाकावर ती दोघं होती. त्यानंतर महिनाभरात मी निवृत्त होऊन नाशिकला आले, त्यामुळे रत्नाभाभी म्हटलं की मला तीच बाकावरची दिसते.

"घर गयावर सगळासले सांगसू मी," भरतभाऊ म्हणत होते. "तुन्हा भाऊसले बी. गावले बी."

"तुमनं तरी कोन मानी?" भाभी म्हणाली.

बोट जोरात हलली. भाभी त्यांच्याकडे सरकली, गुडघे जवळ घेतले आणि डोळे मिटले.

"ऱ्हाऊ द्या ते," ती म्हणाली. "तुम्ही खाले गयात. मंग सगळासना आधी काय देखं?"